सोवळ्यातली टकळी

आमच्या कोकणात कापूस पिकत नाही. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जमीन जांभ्याची, पडलेलं पाणी दिवाळीपर्यंतसुद्धा धरून न ठेवणारी. कापसाला हवी ती काळी जमीन सह्याद्रीच्या पलीकडे, खानदेशात, वऱ्हाडात. आमच्याकडे भात, नाचणी, वरी, आणि आंबा-काजू-नारळ. असं असूनही माझ्या पडवीतल्या कपाटात सूत कातण्याची 41 जुनी साधनं आहेत, आणि त्यांतलं एकही मी घाटावर जाऊन आणलेलं नाही. सगळी आमच्याच जिल्ह्यात मिळालेली. काही पोटमाळ्यांवरून उतरवलेली, काही भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतलेली, आणि 14 जमिनीतून काढलेली. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. वस्तू काय, मिळाली कुठे, होती कोणाची, एवढंच तिच्यावर लिहितो.

गावातली मंडळी विचारतात, "काका, ह्याचं करणार काय तुम्ही?" मी हसून वेळ मारून नेतो. पण आता वय 70च्या पुढे गेलं. उत्तर एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मी 34 वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम केलं. जमिनीखाली तार कुठे तुटली ते वरून ओळखायचं, हीच नोकरी. निवृत्त झाल्यावर मुलाने पुण्याहून एक मेटल डिटेक्टर आणून दिला. बागेत वडिलांच्या वेळची लोखंडी पाइपलाइन गाडली गेली होती, ती शोधायला. पाइप दोन दिवसांत सापडला, यंत्र मात्र हातातून सुटलं नाही.

कोकणात हे यंत्र चालवणं म्हणजे बाजारात उभं राहून कुजबुज ऐकण्यासारखं आहे. जांभ्यात लोह भरपूर. त्याचा तांबडा रंग त्यामुळेच. सड्यावर गेलं की साधं यंत्र पावलोपावली ओरडतं. म्हणून आधी जमिनीचा स्वतःचा आवाज त्यातून वजा करून घ्यायचा आणि मग तबकडी मातीलगत अगदी सावकाश फिरवायची. एवढं करून हाती काय लागतं? छत्रीच्या काड्या. कोकणात जितक्या छत्र्या मोडल्या तितक्या कुठे मोडल्या नसतील. त्याखालोखाल बैलांचे नाल, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, कंदिलाचे बर्नर, शिकाऱ्यांच्या काडतुसांची पितळी बुडं आणि भोकाचे पैसे. भोकाचा पैसा निघाला 1943 ते 1947च्या दरम्यान, लढाईच्या दिवसांत धातूची टंचाई होती तेव्हा. त्याने मला पहिल्या वर्षी फार फसवलं. टकळीची चकती सापडली म्हणून मी आनंदायचा आणि धुतल्यावर पैसा निघायचा. पुढे फरक कळला. पैशाचं भोक मोठं, पेन्सिल सहज जाईल एवढं. टकळीच्या चकतीचं जेमतेम दाभण जाईल एवढं.

हा छंद कोणी उचलणार असेल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे 1878चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. किल्ले, लेणी अशा संरक्षित जागी तर यंत्र घेऊन फिरकूसुद्धा नये. मी फिरतो ते आमच्या आणि भावकीच्या आगरात, आणि विचारल्याशिवाय कोणाच्या गडग्याच्या आत पाऊल टाकत नाही.

मातीची एक रीत कळून आली. चरख्याचं लाकूड वाळवी खाते, लोखंडी चाती चार पावसाळ्यांत गंजते, पण पितळ आणि तांबं राहतं. कधीकधी तर त्याच्या आसऱ्याने दोरासुद्धा राहतो. नगर जिल्ह्यात नेवाशाला डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले, आणि त्या मण्यांच्या पोटात दोरा शिल्लक होता. तीन हजारांहून जास्त वर्षांचा. हे वाचल्यापासून मी कुठलीही चकती धुण्याआधी भिंगाखाली धरतो. अजून दोरा मिळाला नाही. मिळतात ती गवताची मुळं.

संग्रहातली पहिली वस्तू मात्र मातीतली नाही. ती गिरणीतली बॉबिन आहे, लाकडी, टोकाला पत्र्याची कडी असलेली. माझ्या वर्गमित्राने दिली. तो बौद्धवाडीतला. पहिली ते चौथी आम्ही एका वर्गात. 1971 साली तो मुंबईला गिरणीत लागला. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले कितीतरी कायमचे बाहेर राहिले. दोन वर्षं वाट पाहून तो गावी परतला तेव्हा ट्रंकेत चार बॉबिना होत्या. त्यांतल्या तीन नातवंडांनी भोवऱ्यासारख्या फिरवून घालवल्या.

कापूस न पिकवणाऱ्या जिल्ह्यात सूत काढणारी माणसं इतकी कशी, याचं पहिलं उत्तर ही बॉबिन देते. कावसजी दावरांनी 1854 साली मुंबईत पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली, आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या तसा त्यांना माणूस पुरवला तो मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही आमच्यातच होता. वेगळा झाला 1981मध्ये. आगबोटीने माणूस जायचा, मनिऑर्डर यायची. कापूस वऱ्हाडचा, यंत्रं विलायतेची, हात आमचे.

पण हातांतही पंक्ती होत्या. माझ्या मित्राचे वडीलही गिरणीतच होते, थ्रॉसल खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जाई तिथे. एकदा बॉबिन पुसता पुसता तो म्हणाला, "बापाला साच्यावर जायचं व्हतं. तिकडे पगार जास्त. पण साचेखात्यात आमच्या लोकांना घेत नसत."

"का?"

"धोट्यातली कांडी सरली की नवी घालून दोरा भोकातून तोंडाने ओढून घ्यायला लागायचा. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. मग इटाळ नाय व्हणार?"

हे काही त्याच्या एकट्याच्या घरचं ऐकीव नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928च्या गिरणी संपाच्या वेळी हाच प्रश्न लावून धरला होता. सूत तुमच्या हातचं चालेल, पण त्याच सुताला तुमचं तोंड लागलेलं चालणार नाही, असा तो हिशोब.

दुसरं उत्तर गांधीजींचं. गंमत अशी की 1909 साली 'हिंद स्वराज्य' लिहिलं तेव्हा त्यांनी स्वतः चरखा पाहिलेलाही नव्हता. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मग गंगाबेन मजमुदार नावाच्या एका विधवा बाईंनी तो शोधायचं मनावर घेतलं. गुजरातभर हिंडून शेवटी बडोदा संस्थानात विजापूरला त्यांना चरखे मिळाले. बायकांनी निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकून दिलेले! पेळू पुरवा, सूत विकत घ्या, आम्ही पुन्हा कातू, असं त्या बायका म्हणाल्या. जुन्या अडगळीत सूतकताईची साधनं शोधणाऱ्यांचा काही पंथ असलाच, तर गंगाबेन त्याच्या आद्य गुरू. मी कुणाच्या पोटमाळ्यावर चढलो आणि बाई खालून ओरडल्या, "अहो, विंचू असतील हो वर," की मला त्यांची आठवण होते.

पुढचा इतिहास पुस्तकांत आहे. डिसेंबर 1924मध्ये बेळगावला गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा सभासदाने महिन्याला दोन हजार वार सूत द्यावं असं ठरलं. 1925 साली चरखा संघ निघाला. 1929मध्ये त्याने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. ते कोणालाच मिळालं नाही. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर प्रयोग केले, म्हणून त्याला 'येरवडा चक्र' म्हणतात. माझ्याकडचा पेटी चरखा मला भंगारात मिळाला. झाकण गेलेलं, दोन चाकं शाबूत, चाती वाकडी. भंगारवाल्याला तो जुन्या रेडिओची पेटी वाटला होता.

रत्नागिरीला गांधीजी आले 1 मार्च 1927ला, खादीच्या दौऱ्यात. स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांना ते घरी जाऊन भेटले, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या गावातून काही मंडळी पायी सभेला गेली आणि येताना टकळ्या घेऊन आली, असं आजोबा सांगत. त्याच महिन्याच्या 20 तारखेला शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याबद्दल आमच्या ओटीवर कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण द्यायचं ठरलं. तेव्हा मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख होते बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचेच. पुढे शाळाशाळांतून मूलोद्योग आला आणि शेतीबरोबर सूतकताई आली. माझ्या पिढीच्या हातात टकळी आली ती अशी. कापसाचे पेळू घाटावरून गाठोड्यात येत आणि दमट हवेने चिकटून बसत. पितळी चकती, मधून पोलादी काडी, वर आकडा. काडी मांडीवर घासून गिरकी द्यायची आणि डाव्या हाताने पेळू वर खेचायचा. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. माझी गुंडी कधी पुरी झाली नाही. सुताला गाठीच जास्त. गुरुजी म्हणायचे, "तुझ्या तोंडाची टकळी बरी चालते रे, हातातली तेवढी चालव."

तिसरं उत्तर या दोन्हींहून जुनं. ते आमच्या माजघरात होतं.

माझी आत्या चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि जन्मभर राहिली. मागीलदारी विहिरीजवळ देवकापशीचं झाड होतं. ही झाडासारखी वाढणारी कापूस. दोन-चार घरची गरज भागवेल एवढीच बोंडं देते. कोकणात कापूस म्हणून जो काही पिकत असे तो एवढाच, देवाच्या वातींना आणि जानव्यांना. आत्या बोंडं वेचायची, सरकी बोटांनीच काढायची, आणि दुपारची झाकपाक झाली की सोवळ्याने माजघरात बसून टकळीवर सूत काढायची. टकळीचं टोक करवंटीत टेकवलेलं, त्यामुळे ती जड होत नसे आणि तार केसासारखा बारीक निघे. मग ते सूत चार बोटांवर 96 वेळा वेढायचं, तिपेडी करून पीळ द्यायचा, पुन्हा तीन पदर, आणि शेवटी ब्रह्मगाठ. ही गाठ मात्र आजोबा मारत. आत्याने काढलेलं सूत गावातल्या वीसेक घरांतल्या पुरुषांच्या गळ्यात होतं. तिच्या गळ्यात काही नव्हतं.

श्रावणीच्या आधी लोक जानवी न्यायला येत. जोडाला दोन आणे, पुढे बारा नवे पैसे. हे तिचे स्वतःचे पैसे. घरात दुसऱ्या कशावर तिचं नाव नव्हतं. टकळी ती फडताळात, धुतलेल्या पंचात गुंडाळून ठेवी. कोणी शिवायचं नाही. चकतीच्या पाठीवर तांबटाने ठोकलेले तीन ठिपके होते, त्रिकोणात. ती सासरहून आणलेली, एवढंच ती सांगे.

आता 30 जानेवारी 1962. गांधीजींची पुण्यतिथी. शाळेत अर्धा तास सामुदायिक कताई. मी चौथीत. माझ्या शाळेच्या टकळीने आदल्या दिवशी मी चिंचेच्या बिया उकरल्या होत्या आणि काडी वाकवून ठेवली होती. गुरुजींचा मार चुकवायचा म्हणून सकाळी आत्या विहिरीवर असताना मी फडताळातली टकळी उचलली. संध्याकाळपर्यंत जागच्या जागी ठेवू, कळणार कोणाला, असा विचार.

गुरुजींनी ती पाहिली मात्र, खूश झाले. म्हणाले, "अरे, असली टकळी आता मिळत नाही." थोडा वेळ माझी झटापट पाहिली, आणि माझ्या हातातून घेऊन शेजारी बसलेल्या माझ्या मित्राला दिली. त्याचा हात वर्गात सगळ्यांत चांगला. त्याने पेळू लावला, गिरकी दिली आणि तार काढला. दुसरा काढला. अर्धा तास न तुटता काढत राहिला. वर्ग गप्प होऊन बघत होता. मीही बघत होतो, आणि मला आनंद झाला होता हे खरं सांगतो.

घंटा झाली, टकळी हातात आली, आणि पाखाडी चढताना माझ्या पोटात गोळा आला. सोवळ्यातली टकळी. तिच्यावर कोणी सूत काढलं हे आत्याला कळलं तर? माझी मुंज वैशाखात ठरलेली. माझ्या जानव्याचं सूत ती याच टकळीवर काढणार होती.

आमच्या गावापासून रत्नागिरी काही फार लांब नाही. तिथे 1931 साली पतितपावन मंदिर सर्वांना खुलं झालं होतं. तिथल्याच तुरुंगात 1932मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्यावं म्हणून उपास केला होता आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात. हे सगळं घडून 30 वर्षं झाली होती. आमच्या माजघराच्या उंबऱ्यापर्यंत ते आलं नव्हतं. आणि वाईट वाटतं ते याचं, की तो उंबरा दहा वर्षांच्या माझ्याही डोक्यात पक्का होता. तासभर एका पट्टीवर बसायचो, पेरू अर्धा अर्धा खायचो. पण टकळी 'बाटली' हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

वरच्या वळणावर गडगा होता. त्याच्या दगडांमधल्या एका फटीत मी टकळी खोल सारली, पुढे एक चीप लावली आणि घरी गेलो.

रात्री आत्याने विचारलं. गुरुजी दुपारी ओटीवर येऊन गेले होते. तुमच्या टकळीवर त्या मुलाने काय सुरेख सूत काढलं, असं कौतुक करून गेले होते. तेव्हा नेली नाही म्हणायची सोय नव्हती. मी म्हणालो, "त्याच्याकडेच राहिली शेवटी. मला परत दिली नाही."

आत्या काही बोलली नाही. पुढे आठ दिवस ती कोनाडे चाचपत होती. मग तिने एक खिळा आणि करवंटीचा तुकडा घेऊन टकळीसारखं काहीतरी केलं. तार तुटायचा. वैशाखात माझी मुंज झाली ती बाजारातून आणलेल्या, गिरणीच्या सुताच्या जानव्यावर. पुढच्या श्रावणीला लोकांनीही बाजारातून आणली. स्वस्त पडत होती. आत्या गेली 1974मध्ये. मी तिला सांगितलं नाही.

माझा संग्रह खरा सुरू झाला तो या टकळीसाठी. बाकीच्या वस्तू वाटेत भेटल्या. यंत्र हातात आल्यावर मी त्या गडग्याशी कितीदा गेलो असेन. पण गडगा सगळा जांभ्याचा. यंत्राला दगडच ओरडताना ऐकू येई. दगड काढून बघावेत तर भिंत कोसळायची, आणि ती भावकीतल्या चौघांच्या सामाईकातली.

गेल्या वर्षी पाखाडीच्या जागी रस्ता करायचं ठरलं. मे महिन्यात जेसीबीने एका सकाळी गडगा उलटा केला. दुपारी मी यंत्र घेऊन गेलो. मित्र बरोबर होता. अशा वेळी तो असतोच, कुदळ त्याच्या हातात. माती पसरून पातळ झाली होती, त्यामुळे यंत्राला ऐकू येण्याजोगं काही उरलं होतं. छत्रीच्या दोन काड्या निघाल्या, एक बूच निघालं, आणि मग स्वच्छ, गोल आवाज आला. चकती. काडीचा मागमूस नाही, भोकात गंजाचा भुगा. मी अंगठ्याने माती पुसली. तीन ठिपके.

त्याने चकती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "ही तर तुझ्या आत्याची."

साठ वर्षांनी त्याने ती ओळखली.

"इथे कशी आली?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, रात्री आत्याला काय म्हणालो तेसुद्धा. तो उपटलेल्या दगडावर बसला. बराच वेळ काही बोलला नाही.

"दुसऱ्या दिवशी तुझी आत्या आली व्हती," तो म्हणाला. "आमच्या वाडीच्या वाटेवर आंबा हाय ना, तिथवर. पुढे नाय आली. आयशीला हाक मारून इचारलं, पोराने टकळी आणली काय. आयशीने तिच्यासमोर मला शिमटीने फोडला. मी नाय म्हणतोय, ती मारतेय."

"आणि आत्या?"

"आत्या म्हणाली, 'अगो, मारू नको त्याला. घेतली असली तर राहू दे त्याच्याकडे. सूत तरी काढील.'" थोडं थांबून तो म्हणाला, "घेतली असली तर. ते नाय गेलं डोक्यातून. आये मरेपर्यंत तिला वाटत व्हतं की मी घेतलेली."

मला काही सुचेना. ज्या आत्याला भिऊन मी हे सगळं केलं, ती आंब्यापर्यंत चालत जाऊन 'राहू दे त्याच्याकडे' म्हणाली होती. तिने ती टकळी त्यानंतर सोवळ्यात ठेवली असती का? तिला विचारायचं राहिलं. आणि तिच्या त्या दयेतही त्याच्यावरचा आळ तसाच राहिला होता. तो माझ्या एका वाक्याने आला होता आणि मी एका वाक्याने काढू शकलो असतो, साठ वर्षांत कधीही.

चकती मी त्याला देऊ केली. म्हटलं, आत्याने तुला दिलीच होती.

"मला नको," तो म्हणाला. "कपाटात ठेव तुझ्या. पण चिठ्ठीवर खरं लिव." मग उठताना हसला. "तुझ्या मुंजीचं जानवं गिरणीच्या सुताचं व्हतं ना रे? मग आमच्या बापाच्या खात्यातलं असंल ते. गावभर इटाळ करून ठेवलास की."

त्या दिवशी निघालेल्या छत्रीच्या काडीतली एक त्याने घासून सरळ केली, टोकाला आकडा वळवला आणि चकती तिच्यावर ठोकून बसवली. देवकापशीचं झाड केव्हाच गेलं, पण तिच्या बियांचं एक झुडूप न्हाणीमागे आहे. त्याची दोन बोंडं आणली. त्याचा हात आता थरथरतो. पहिले तीन तार तुटले. चौथा वीतभर निघाला, मग हातभर.

चिठ्ठी त्याच सुताने बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय:

'क्रमांक 41. टकळी. चकती पितळी, पाठीवर तीन ठिपके, काडी नवी. मिळाली: वरच्या वळणावरच्या गडग्यात. होती आत्याची. 30 जानेवारी 1962 रोजी माझ्या वर्गमित्राने शाळेत हिच्यावर सूत काढलं. त्याच संध्याकाळी मी ती दडवली आणि नाव त्याचं सांगितलं. त्याने घेतली नव्हती.'